द्विस्तरी डीव्हीडीवरील स्तरबदल आणि वक्त्याचा विराम

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने विराम ही बोलण्यातील एक अर्थपूर्ण घटना होय. वक्ता कोठे व किती थांबला यावरून वाक्याची घडण, शब्दाचा शोध किंवा श्रोत्याच्या प्रतिसादाची अपेक्षा यांविषयी आपण अनुमाने काढतो. मुलाखतीचे चित्रमुद्रण द्विस्तरी डीव्हीडीवर उतरविले असता मात्र वक्त्याने न घेतलेला एक विराम त्यात शिरू शकतो. तो कोठे पडावा हे तबकडी बर्न करणाराच ठरवितो. म्हणून या निवडीचे नियम अभ्यासकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

अशा तबकडीत माहितीचे दोन स्तर एकावर एक असतात. लेसर किरण पहिला स्तर आतून बाहेर वाचीत जातो, नंतर दुसऱ्या स्तरावर केंद्रित होऊन बाहेरून आत परततो. या संक्रमणाच्या वेळी काही यंत्रांत चित्र व ध्वनी क्षणभर थिजतात. हाच तो उपरा विराम.

त्याच्या स्थानावर तीन बंधने आहेत. डीव्हीडी+आर डीएल या प्रकारच्या तबकडीत प्रत्येक स्तरावर २०,८६,९१२ सेक्टर मावतात व एका सेक्टरात २,०४८ बाइट असतात. पहिला स्तर ही मर्यादा ओलांडू शकत नाही. परतीची वाट जाण्याच्या वाटेहून लांब असू शकत नाही. सबब पहिल्या स्तरावर निम्मा किंवा अधिक मजकूर असलाच पाहिजे. हे पहिले बंधन. त्रुटिदुरुस्तीसाठी १६ सेक्टरांचा एक गट मानतात. बदल गटाच्या सीमेवरच व्हावा, हे दुसरे. डीव्हीडी-व्हिडिओच्या रचनेत मुद्रणाचे ‘सेल’ नावाचे खंड पाडलेले असतात. नवे प्रकरण नव्या सेलने सुरू होते. बदल सेलच्या आरंभीच व्हावा, हे तिसरे.

एक उदाहरण घेऊ. मुद्रण ३८,००,००० सेक्टरांचे असून त्याचा वेग सेकंदाला सरासरी ६० लाख बिट आहे असे समजा. बदलाचे स्थान १९,००,००० व २०,८६,९१२ या सेक्टरांच्या दरम्यान असले पाहिजे. हे अंतर सुमारे साडेआठ मिनिटांचे भरते. स्थूलमानाने ८७ व्या मिनिटापासून ९५ व्या मिनिटापर्यंत. तेच मुद्रण ४१,००,००० सेक्टरांचे असेल, तर निवडीस जेमतेम एक मिनिट चाळीस सेकंद उरतात. तबकडी जितकी भरावी तितके स्वातंत्र्य आटते, हे येथे ध्यानात येईल.

ही परिस्थिती छंदःशास्त्राच्या अभ्यासकास अपरिचित नाही. मंदाक्रांतेत चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर यती येते. तेथे शब्द पुरा झाला तर ती कानास खटकत नाही. शब्द मध्येच तुटला तर यतिभंगाचा दोष घडतो. वृत्त स्थान सांगते, पण त्या स्थानी अर्थाचा सांधा आणून ठेवणे हे कवीचे काम. तबकडीच्या बाबतीतही नेमके हेच करावयाचे असते.

म्हणून आधी मुद्रणाचा एकूण आकार काढावा, मग निवडीचा पट्टा निश्चित करावा आणि तो भाग लक्षपूर्वक ऐकावा. जेथे कॅमेरा मुळातच थांबविला होता, ते स्थान सर्वोत्तम. ते नसल्यास मुलाखतकाराचा नवा प्रश्न सुरू होतो तेथे नवे प्रकरण पाडावे. जात्यावरच्या दोन ओव्यांमधील स्तब्धता सोयीची वाटली तरी टाळावी. कारण ती गाणारीची स्वतःची असून तिची लांबी हाच कदाचित उद्याच्या संशोधनाचा विषय असेल. पट्ट्यात योग्य जागा नसेल, तर मुद्रण दोन तबकड्यांवर विभागणे अधिक श्रेयस्कर. एकदा बर्न केलेल्या तबकडीवर हे स्थान पुन्हा हलविता येत नाही.

हा विराम यंत्राच्या वाचनात असतो, मूळ माहितीत नसतो. म्हणून विरामांचे मापन तबकडी यंत्रावर लावून कधीही करू नये. तिच्यावरील फाइली संगणकात उतरवून मगच करावे. आज साठवणीची इतर साधने अधिक प्रचारात आहेत. तरीही जुन्या तबकड्यांवरून लिप्यंतर करणाऱ्याने प्रथम स्तरबदलाचे स्थान पाहून त्याची नोंद करावी. अन्यथा लेसरची चाचपड आपण निवेदकाच्या नावावर मांडून बसू.