बिटाच्या मुलखातून मोटारीने : आधी आखणी, मग प्रवास



गेल्या वार्षिक सभेच्या दिवशी मंडपामागे चहा घेत असताना आमच्या गटातील एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांला गाठले. म्हणाले, "साहेब, माझा ऊस गोड असो की पाणचट, दर सगळ्यांना एकच. तिकडं युरोपात म्हणं प्रत्येक गाडीतलं बीट तपासून पैसे देत्यात. खरं हाय का?"

खरे आहे. आपला एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. तिकडे बिटाच्या खेपेचा नमुना काढतात, त्याची माती वजा करतात, साखर किती टक्के ते पाहतात आणि त्यावर त्या शेतकऱ्याचा हिशेब होतो. १६ टक्के साखर ही तिथली प्रमाण प्रत धरतात. हे ऐकून म्हातारबुवा म्हणाले, "मग बघायलाच पायजे की!" त्या एका वाक्यातून सात जणांचा बेत उभा राहिला. खर्च ज्याचा त्याने करायचा, कारखान्याचा एक पैसा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सहल-कंपनीची बस आम्ही नको म्हटली. बस मनोऱ्यापाशी थांबते, बिटाच्या बांधावर थांबत नाही. म्हणून भाड्याची मोटार. चालक धरून नऊ आसनांपर्यंतची गाडी तिकडे साध्या मोटारीच्या परवान्यावर चालते. पण नऊ जण बसले तर बोजे मांडीवर घ्यावे लागतील, म्हणून सातच.

पहिला प्रश्न हंगामाचा. आपल्या गव्हाणीत मोळी पडते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्याआधी बॉयलर अग्निप्रदीपन, तोडणी कार्यक्रम, टोळ्यांची वाट पाहणे. तेव्हा गाव सोडता येत नाही. तिकडे बीट मार्च-एप्रिलात पेरतात आणि काढणी सप्टेंबरात सुरू होते. आडसालीची लागण आटोपलेली आणि मोळी पडायला अवकाश, अशी सप्टेंबरची दुसरी पंधरवडी तेवढी दोन्हीकडून जुळते. गणपती त्यात आले तर घरचे रागावतील. त्याला इलाज नाही.

मार्ग असा धरला आहे. अॅमस्टरडॅमला उतरून गाडी घ्यायची आणि शेवटी तिथेच परत द्यायची. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर वेगळी मोठी रक्कम मोजावी लागते. हॉलंडात दिंतेलोर्डचा साखर कारखाना आहे. तो शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थेचा, म्हणून सुरुवातीला तीन मुक्काम तिकडेच. पुढे बेल्जियममध्ये टीनेन, हे साखरेचेच गाव म्हणा ना; तिथे एक मुक्काम. मग उत्तर फ्रान्सच्या बीटपट्ट्यातून रँसला दोन. या भागात हंगामात रस्त्यावर "बीट" असा इशाऱ्याचा फलक दिसतो, कारण चाकांबरोबर शेतातली माती सडकेवर येते आणि गाडी घसरते. आपल्याकडे ट्रॉलीतून पडलेल्या उसावरून मोटारसायकल घसरते, तीच जात.

नंतर लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठचे शेंगेन गाव, एक मुक्काम. १४ जून १९८५ रोजी या गावाजवळ नदीतल्या बोटीवर पाच देशांनी करार केला आणि त्याच गावाच्या नावाने आज व्हिसा मिळतो. पुढे स्ट्रासबुर्ग एक, स्वित्झर्लंड दोन, परतताना ऱ्हाइनच्या काठाने जर्मनीत दोन आणि शेवटी हॉलंडात एक. एकूण तेरा मुक्काम, सुमारे दोन हजार किलोमीटर. स्वित्झर्लंडमध्ये आरबर्गला साखर कारखाना आहे. आपण पोचू तेव्हा त्याचा हंगाम लागलेला असेल का, हे आधी पत्राने विचारायचे. कारखाना बघायला देवळासारखे आत शिरता येत नाही. पत्रे मे महिन्यातच गेली पाहिजेत.

मुक्काम असे मोजून का सांगतो? कारण आम्ही ठेच खाल्ली आहे. तीन वर्षांपूर्वी असाच बेत केला होता. एजंटाने अर्ज फ्रान्सकडे लावला आणि मुक्काम जास्त दाखवले जर्मनीत. नियम साधा आहे : ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज, दिवस सारखे असतील तर ज्या देशातून प्रथम शिरणार त्याच्याकडे. आमच्यातल्या दोघांचे अर्ज नामंजूर झाले आणि बाकीचेही बसून राहिले. त्या दोघांतले एक जण आता आपल्यात नाहीत. त्यांनी प्रवासासाठी शिवलेला कोट घरात तसाच लटकतो आहे, असे त्यांचा मुलगा परवा सांगत होता. म्हणून या खेपेला कागद आम्ही स्वतः तपासणार. हॉलंडचे मुक्काम चार, सर्वांत जास्त. तेव्हा अर्ज हॉलंडकडे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो झाली. आजारपणाचा विमा कमीत कमी ३०,००० युरोचा हवा. शेतीचे उत्पन्न करमुक्त, त्यामुळे पुष्कळांकडे रिटर्न नसते. त्यांनी सातबारा, आठ-अ, ऊसबिले आणि बँकेचे उतारे इंग्रजी भाषांतरासह जोडावेत. पासपोर्टवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळते का, तेवढे आजच बघा. एकीकडे 'आप्पा' आणि दुसरीकडे 'आप्पासाहेब' असले की तिथला कारकून अडतो.

गाडी दोघे जण आलटून-पालटून चालवतील. दोघांनीही आर.टी.ओ.कडून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा. तो जास्तीत जास्त वर्षभर चालतो. तिकडे वाहतूक उजवीकडून, स्टिअरिंग डाव्या हाताला, गिअर उजव्या हाताला. पहिल्या दिवशी हात दारावर आपटणार, हे धरूनच चला. फ्रान्समध्ये पाटी नसेल त्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, मग तो लहान गल्लीतून का येईना. आपल्याकडे मोठी गाडी आधी जाते. ती सवय इथेच ठेवून जायची.

इंधन भरताना गोल चिन्ह पेट्रोलचे, चौकोनी डिझेलचे, ही खूण पाठ करावी. जर्मनी, हॉलंड, बेल्जियमच्या हमरस्त्यांवर मोटारीला सहसा टोल नाही. फ्रान्समध्ये बहुतेक हमरस्त्यांवर आहे. स्वित्झर्लंडमध्ये ४० फ्रँकचा वर्षाचा पासच घ्यावा लागतो, दोन दिवस फिरा की वर्षभर. जर्मनीचा लांब पल्ला रविवारी टाकला आहे. त्या दिवशी तिथे मोठ्या मालट्रकना बंदी असते, रस्ता मोकळा मिळतो. मात्र दुकानेही बंद असतात, तेव्हा शिदोरी शनिवारीच भरून घ्यायची.

शिदोरीवरून आठवले. घरची मंडळी पेढे, तूप बांधून देतील. ते नेता येत नाही. दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरून नेण्यास युरोपीय संघात बंदी आहे. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, लाडू (तेलातले!) चालतील. एकाने विचारले, तिथल्या शेतकऱ्याला भेट म्हणून को ८६०३२ चे चार टिपरे न्यावे काय? नाही. रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय रोप-बेणे आत जात नाही, आणि येताना बिटाचे बी खिशात घालून आणणेही आपल्या कायद्यात बसत नाही. बुटाची माती तिथेच धुवून टाकायची. आम्ही बेणेप्रक्रिया शिकवणारी माणसे. आमच्याच बुटातून रोग येऊ नये.

सरहद्दीवर आता फाटक नसते, पण कागद लागणारच नाहीत असे समजू नका. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली. पासपोर्ट बॅगेत नको, अंगावर हवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसेही घेऊ लागले आहेत. पाचट काढून ज्यांची बोटे झिजली आहेत त्यांनी रांगेत जरा धीर धरावा.

पाच नावे नक्की आहेत, दोन जागा शिल्लक. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणावी. नावे गट कार्यालयात आमच्याकडे द्यावीत, पासपोर्ट सोबत घेऊन. वडीलधारे सभासद पहिल्याच दिवशी येऊन नाव लिहून गेले. जाताना त्यांनी एवढेच विचारले, की तिथे नमुना काढतात ते यंत्र हात लावून बघू देतील का. ते पत्रात लिहिले आहे.