दाखवणारे बोट
मूल बोलत नसले की ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ असे म्हणून घरात वाट पाहिली जाते. माझ्या मते लक्ष जिभेपेक्षा बोटाकडे असावे. वस्तू मागण्यासाठी बोट करणे निराळे. ‘तो बघ काऊ’ अशा कौतुकाने दुसऱ्याला दाखवणे निराळे. दीड वर्षापर्यंत हे दुसरे बोट दिसले नाही, वर्षाचे मूल नावाने हाक मारूनही सहसा वळेना, किंवा आलेले शब्द हरपले, तर श्रवणतपासणी करावी व बालविकासतज्ज्ञांना दाखवावे. एकट्या खुणेवरून स्वमग्नता ठरत नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचे वर्णन केले. पुढे आईच्या मायेला दोष दिला गेला. तो निराधार ठरला आहे. निदान होईपर्यंतही खेळातून संवाद वाढवण्याचे मार्गदर्शन घेता येते.