पुराचा भोंगा वाजेना: दोष ट्रान्झिस्टरचाच का?

पावसाळ्यात कोल्हापूरकर आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्यामुळे विज्ञान प्रदर्शनासाठी पोरांना विषय शोधावा लागत नाही: प्लास्टिकचा डबा, ४३ च्या खुणेवर दोन तारा, ९ व्होल्टची बॅटरी, बझर, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. तारांना पाणी लागलं की रेझिस्टरमधून बेसला किंचित करंट मिळतो आणि कलेक्टरला जोडलेला बझर वाजतो. वाजला नाही, की शिव्या ट्रान्झिस्टरला. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

पाय बघा

सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन २२२२ मध्ये हा क्रम नेमका उलटा. ‘चालतंय की’ म्हणून दुसरा नंबर तसाच खोचला, तर कलेक्टर-एमिटरची अदलाबदल होते. फसवी गोष्ट अशी, की उलटा ट्रान्झिस्टरही थोडं काम करतो. गेन फार कमी मिळतो आणि बझर नुसता कण्हतो.

मीटर लावा

काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, तारा पाण्यात. बेसवर ०.६ ते ०.७ व्होल्ट हवेत. शून्य असतील तर अडचण तारांत किंवा रेझिस्टरमध्ये. १ व्होल्टच्या बऱ्याच वर असतील तर एमिटरचा पाय नीट बसलाय का बघा. बसला असेल तर आतलं जंक्शन तुटलंय. बेस ठीक आणि कलेक्टरवर ०.२ च्या आसपास, तरी बझर गप्प? मग बझरच उलटा जोडलाय किंवा बिघडलाय. आणि बेसची तार काढूनही तो वाजतच राहिला, तर ट्रान्झिस्टर शॉर्ट.

खात्रीसाठी तो सर्किटमधून काढा. मीटर डायोडवर, लाल पिन बेसला; काळी आधी कलेक्टरला, मग एमिटरला. दोन्हीकडे ०.६-०.७ दिसावं, पिना उलटवल्या की काहीच नाही. कलेक्टर-एमिटरमध्ये कुठल्याच दिशेने काही दिसता कामा नये.

मेला कशाने?

रेझिस्टर गाळून बेसला थेट ९ व्होल्ट दिले, हे नेहमीचं कारण. बझरऐवजी रिले लावला आणि कॉइलवर उलटा डायोड नसेल, तर रिले बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटकाही त्याला मारतो. १एन ४००७ डायोडचा पट्टा पॉझिटिव्हकडे ठेवायचा.

सगळं बरोबर, तरी दुसऱ्या दिवशी गप्प?

तारा बघा. पाण्यातून डीसी करंट जात राहिला की पॉझिटिव्हकडची तांब्याची तार हिरवट पडून झिजते. तिथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावा.