देवाच्या जागी देवाचे काम

ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात देवाशी स्पर्धा कोण करते, असे विचारले तर पैसा, सत्ता, देहसुख ही ठरलेली नावे पुढे येतात. दोन धन्यांची चाकरी एकाला साधत नाही असे बजावताना येशूनेही दुसऱ्या धन्याच्या जागी धनच बसवले आहे. पण चारही शुभवर्तमाने सलग वाचून पाहावीत. येशूचे सगळ्यांत जहाल शब्द जकातदारांच्या किंवा वेश्यांच्या वाट्याला आलेले नाहीत. ते आले आहेत शास्त्री आणि परूशी यांच्या वाट्याला, म्हणजे ज्यांचा दिवस उपास, दशमांश आणि नियमपालन यांतच जात होता त्यांच्या. लूकच्या शुभवर्तमानातली मार्था तर कसलेच पाप करत नाही. ती प्रत्यक्ष प्रभूसाठी राबते आहे, आणि तरीही बोल तिलाच लागतो. देवाची जागा बळकावायला सगळ्यांत समर्थ कोण, तर देवाच्याच नावाने चाललेली गोष्ट: पंथ, मिशन, मंडळीतले पद, समाजसेवा, नाहीतर आपल्या श्रद्धेचा अभिमान. पैशाचा मोह निदान ओळखू तरी येतो. सेवेचा मोह सोवळे नेसून येतो आणि आपणच त्याला पाट मांडतो.

हे तपासून पाहायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे आयुष्य या प्रश्नावरचा भक्कम पुरावा आहे, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी वाचला जातो. रमाबाई ख्रिस्ती का झाल्या यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी काय काय सोडले, याकडे त्या मानाने लक्ष गेलेले नाही. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मनोरमा या लहानग्या लेकीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे गोष्ट संपली असे त्यांच्या चाहत्यांनाही वाटले आणि विरोधकांनाही. खरे तर ती इथून सुरू होते.

बाप्तिस्म्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली त्यांची पत्रे म्हणजे एक लांबलेला वाद आहे. समोर आहेत त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील. त्रैक्याचा सिद्धांत, अथनेशियसचा मतांगीकार, येशूचा कुमारीपासून झालेला जन्म, यांतले जे बुद्धीला आणि शास्त्राला पटेल तेवढेच मानीन, असे रमाबाई ठणकावतात. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही विचारतात. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही यावर मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी नकाराचा कौल दिला, तेव्हा त्यांनी दाखवून दिले की असा आक्षेप आपल्या वडिलांनीही घेतला नव्हता आणि पतीनेही. भारतातल्या पुरोहितांचे जोखड एकदा मानेवरून उतरवले आहे, ते इंग्लंडच्या धर्माधिकाऱ्यांच्या हातून पुन्हा चढवून घ्यायचे नाही, हा या पत्रव्यवहाराचा इत्यर्थ. जेराल्डीनना त्यात गर्व दिसला. थोडा असेलही, रमाबाई काही मेणाच्या नव्हत्या. पण नुसत्या गर्विष्ठ बाईने आश्रयदात्यांशी जुळवून घेतले असते आणि मान मिळवला असता. परक्या देशात, पदरात मूल, उत्पन्न नाही, अशा स्थितीत केवळ मताखातर इतके ताणणे गर्विष्ठालाही परवडत नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये चर्चला अंतिम अधिकार देणे त्यांना मान्य नव्हते, हे कारण जास्त पटते.

मात्र या टप्प्यावर रमाबाईंच्या मनाच्या केंद्रस्थानी देव होता, असे म्हणता येणार नाही, आणि हे त्यांनीच पुढे कबूल केले आहे. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ही जाणीव व्हायला आठ वर्षे जावी लागली. ती जागी करणारे पुस्तक होते विल्यम हॅस्लम या अँग्लिकन पाळकाचे आत्मचरित्र. हॅस्लमची कथा आपल्या विषयाला फार जुळते: बरीच वर्षे पाळकपद सांभाळलेला हा माणूस स्वतःच्याच पुलपिटावरून प्रवचन करता करता पालटला. तोवर तो देवाविषयी बोलत होता. रमाबाईंनी हे वाचले तेव्हा त्यांच्या नावावर काय नव्हते? कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेल्या पदव्या, हंटर आयोगापुढची साक्ष, अमेरिकेत गाजलेले पुस्तक, बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा दहा वर्षांचा आर्थिक पाठिंबा, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदासदन. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई याच सदनात शिकल्या. काम उत्तम चालले होते. आतली जागा मात्र कामानेच व्यापली होती, हे ओळखणे यशस्वी माणसाला फार अवघड जाते.

यानंतरची घटना वादग्रस्त आहे आणि तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. शारदासदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींचे आचार-विचार त्यांच्याकडे, असे ठरले होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करू लागल्या आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. रानड्यांची बाजू समजण्यासारखी होती. विधवांच्या शिक्षणाला समाजाची संमती मिळवायची तर विश्वास टिकवणे भाग होते, आणि अल्पवयीन मुलींवर शिक्षिकेच्या नुसत्या उदाहरणाचाही प्रभाव पडतो. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात मी माझ्या देवापुढे दार लावून बसणार नाही. करार कोणी मोडला याचा निवाडा आजही एकमताने होणार नाही. माझ्या प्रश्नापुरती गोष्ट इतकीच, की आपल्या हाताने उभारलेली संस्था मोडण्याचा धोका दिसत असूनही त्यांनी दार लावले नाही. ज्याला संस्था हेच दैवत असते तो अशा वेळी दार लावतो, आणि त्याला व्यवहार म्हणतो.

आता पहिला आक्षेप. मन एका देवावर खिळवले की जग सुटते, दुःखी माणसाकडे पाठ फिरते. समाजवादी परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला हा आक्षेप सहज सुचतो आणि ख्रिस्ती इतिहासात त्याला आधार देणारी उदाहरणेही सापडतात. पण रमाबाईंच्या बाबतीत कालक्रम उलटा आहे. त्यांचे सर्वांत मोठे काम या अंतर्मुख वळणानंतरचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले तेव्हा त्यांना केडगावच्या माळावर नेले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनातली संख्या दीड हजारांच्या वर गेली. तिथे शेती होती, गुरे होती, विणकाम होते, तेलाचा घाणा आणि छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होते, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. यातले पुष्कळसे हमीच्या वर्गणीशिवाय उभे राहिले. जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर यांच्या चरित्रांवरून रमाबाईंनी प्रार्थनेच्या भरवशावर खर्च उचलण्याचा मार्ग धरला होता. हिशेबी माणसाने तीनशेवर थांबून दार बंद केले असते.

याच काळातली आणखी एक गोष्ट मला या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. १८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळातील गैरव्यवस्था आणि आपल्या सदनातल्या एका मुलीची झालेली वाताहत चव्हाट्यावर आणली. सरकार ख्रिस्ती राणीचे, पत्र ख्रिस्ती मंडळींचे, लिहिणारी ख्रिस्ती मिशनरी म्हणून ओळखली जाणारी; गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी अर्थातच आरोप फेटाळले. धर्म म्हणजे आपला गट असे ज्याचे समीकरण असते, तो असे पत्र लिहीत नाही. गटाची अब्रू आधी येते. देवालाच उत्तर द्यायचे असेल तर राणीच्या सरकारचा मुलाहिजा राहत नाही. सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला येशूने देवावरच्या प्रीतीची आज्ञा सांगून लगेच दुसरी जोडली, शेजाऱ्यावरच्या प्रीतीची. त्या दोन आज्ञांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिलीवाचून दुसरीचा बहुधा आपल्याच माणसांपुरता संकोच होतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: एकाची एकनिष्ठा, पण तिची किंमत मोजतो कोण? इथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांना बाजूला ठेवून चालणार नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पुढची काही वर्षे लहान मुलासह त्यांनी नातलगांच्या आधाराने कशी काढली, ते त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. १९१७ साली टिळकांनी पुन्हा मिशनच्या नोकरीवर पाणी सोडले, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला; त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखीच जागा होती. पंथाच्या भिंतीपलीकडे ख्रिस्ताला नेणारा तो विचार आजही धाडसी वाटतो. पण पगार सोडणाऱ्याच्या घरी चूल कोण पेटवतो, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी आपल्या हसऱ्या लेखणीने कायमचा विचारून ठेवला आहे. माझे उत्तर अर्धे आहे आणि ते अर्धेच देतो. न सांगता घर सोडून जाणे, हाती येईल ते वाटून टाकणे हा टिळकांचा स्वभाव धर्मांतराच्या आधीपासूनचा. त्याचे खापर भक्तीवर फोडता येत नाही. मात्र भक्तीने त्या स्वभावाला वेसण घालायला हवी होती आणि ती पुरेशी घातली नाही, हेही खरे. आपली ओढ म्हणजेच देवाची हाक, असे समजण्याचा धोका एकनिष्ठ माणसालाच सर्वांत जास्त असतो. म्हणून मंडळीची, शास्त्राची, घरच्या माणसाच्या रोखठोक बोलण्याची गरज त्याला इतरांहून अधिक असते. चर्चला अंतिम अधिकार नाकारणे म्हणजे कोणाचेच न ऐकणे नव्हे. रमाबाईही शेवटपर्यंत शास्त्राला बांधलेल्या राहिल्या.

तिसरा आक्षेप मुक्तिसदनाविषयीचा, आणि तो पुरता खोडता येईल असे मला वाटत नाही. उपासमारीतून आणलेल्या मुलीने अन्न देणाऱ्या हाताचा धर्म स्वीकारला, तर त्या स्वीकारात तिची इच्छा किती? १९०५ साली केडगावात मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. रात्रंदिवस प्रार्थना, रडणे, पापांची कबुली. त्याच्या बातम्या जगभर गेल्या आणि पेंटेकॉस्टल इतिहासकार आजही त्याचा उल्लेख करतात. एका लहान मुलीच्या जागी बसून पाहिले तर त्या लाटेबाहेर उभे राहणे सोपे नसणार. ज्या रमाबाईंनी वाँटेजला स्वतःसाठी विचार करण्याचा हक्क मागितला, त्यांनी तोच हक्क आपल्या मुलींना तितक्याच मापाने दिला का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर ‘एकनिष्ठा सोडावी’ असे मात्र येत नाही. ज्याला दुसऱ्या जिवात आणि देवात आपण मध्यस्थ नाही हे मनापासून पटले आहे, त्याने तर दुसऱ्याला सर्वांत जास्त मोकळे सोडले पाहिजे. १८८६ च्या रमाबाईंचा निकष लावला तर १९०५ च्या रमाबाई काही ठिकाणी उण्या पडतात, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटची जवळपास दोन दशके त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घातली. हा बुद्धीचा अपव्यय होता, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ज्या बाईने स्त्रियांच्या प्रश्नावर देश हलवला तिने राजकारणापासून आणि सुधारकांच्या सभांपासून दूर, आडगावात भाषांतर करत बसावे, याची हळहळ मला कळते, पण पटत नाही. अक्षरे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या स्त्रियाच होत्या, आणि त्यांतल्या कित्येक दुष्काळातून वाचलेल्या. मूळ भाषांतून पूर्ण बायबल एकटीने उतरवणाऱ्या स्त्रिया जगातही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले, १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला. पदकाने त्यांचा दिनक्रम बदलला नाही, लेकीच्या मृत्यूने काम थांबले नाही. हे काम तरी पुन्हा देवाच्या जागी बसले नाही कशावरून, असे कोणी विचारील. बाहेरून पाहणाऱ्याला ते खात्रीने सांगता येत नाही. रमाबाईंच्या जेराल्डीन आणि बीलबाईंशी झालेल्या पत्रव्यवहाराचा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली, इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे. ज्याला हा प्रश्न स्वतःपुरता सोडवायचा असेल त्याने आधी ती पत्रे वाचावीत आणि मग १९०७ ची साक्ष. क्रम उलटा करू नये, नाहीतर साक्षीतली रमाबाई फार सोपी वाटेल.