परदेशात कार्ड हरवलं, तर कळवायचं कुणाला?

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या खातेदारांची कार्डं त्यांच्या पाकिटांत होती आणि त्याच कार्डांच्या नकलांवर २८ देशांतल्या एटीएममधून नोटा बाहेर पडत होत्या. व्हिसाच्या सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये गेले, देशातल्या रुपे कार्डांवरून अडीच कोटी आणि सोमवारी स्विफ्टमार्फत हाँगकाँगच्या एका खात्यात १३.९२ कोटी. एकूण ९४.४२ कोटी. चोरांनी बँकेची खरी एटीएम यंत्रणा बाजूला सारून मध्येच आपली बनावट यंत्रणा बसवली होती आणि ती प्रत्येक मागणीला मंजुरी देत होती. खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, नुकसान बँकेचं झालं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने यातल्या ११ जणांना दोषी ठरवलं.

ती डेबिट कार्डं होती आणि हल्ला थेट बँकेवर होता, त्यामुळे ग्राहकांना काही करावं लागलं नाही. पण ‘कार्ड माझ्या खिशात आहे, मग कोण काय करणार?’ या समजुतीला त्या दिवसानंतर तरी पुण्यात जागा उरायला नको होती. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत कार्ड कुठे आहे यापेक्षा आपण गडबड कधी कळवली याला जास्त किंमत असते. कळवण्याच्या त्या मिनिटापर्यंतचं नुकसान कुणाचं आणि त्यानंतरचं कुणाचं, हे नियमाने ठरतं. परदेशात असताना नेमकं ते कळवणंच अवघड होऊन बसतं. त्याची कारणं बहुतेक वेळा निघण्यापूर्वीच्या गैरसमजांत सापडतात.

‘कार्डावर इंटरनॅशनल लिहिलंय, बँकेलाही सांगून ठेवलंय’

सांगून ठेवण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण भारतीय कार्डाला तेवढ्याने भागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालू अवस्थेत येतं. परदेशी वापर, ऑनलाइन खरेदी आणि टॅप करून पैसे देणं ही तिन्ही बटणं ग्राहकाने स्वतः चालू करायची असतात. अॅप, नेटबँकिंग, एटीएम किंवा फोनवरच्या स्वयंचलित सेवेतून ते करता येतं. शिवाय प्रत्येक प्रकारची मर्यादाही ठरवता येते. ती दहा हजारांवर राहिली असेल तर सिंगापूरच्या हॉटेलात कार्ड नाकारलं जाणारच, मग बँकेत कितीही ओळख असो. लोहगावहून दुबईला किंवा बँकॉकला थेट विमान मिळायला लागलं म्हणून तयारीही रिक्षात बसता बसता करायची नसते.

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या मंडळींची एक वेगळीच तऱ्हा. पेट्रोल पंपावरचं यंत्र पाच आकडी पिनकोड मागतं, आपला कोथरूडचा सहा आकडी, त्यामुळे व्यवहार अडतो आणि बँकेने कार्ड बंद केलं असं वाटून घबराट उडते. आत काउंटरवर जाऊन कार्ड दिलं की बऱ्याचदा काम होतं.

‘कार्डाच्या मागे नंबर आहेच की’

तो बहुधा १८०० ने सुरू होणारा असतो. हे टोल फ्री नंबर भारतातल्या फोनसाठी असतात, परदेशातल्या सिमवरून ते सहसा लागत नाहीत. १८६० ची गतही तीच. परदेशातून लावायचा नंबर +९१ आणि शहराच्या कोडसह वेगळा दिलेला असतो, काही बँका ठरावीक देशांसाठी तिथले टोल फ्री नंबरही देतात. आणि कार्डच हरवलं तर मागचा नंबर वाचणार कशावर? तेव्हा हा नंबर आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावेत, एक प्रत सोबतच्या माणसाकडे द्यावी. कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवण्याची हौस मात्र आवरावी, फोन चोरीला गेला तर चोराला सगळं आयतं मिळतं.

जुन्या प्रवासलेखांत ‘स्काइपवरून स्वस्तात बँकेला फोन करा’ असं असायचं. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. रोमिंगचा मिनिटाचा दर भरून बोलण्याला पर्याय म्हणजे बँकेचं अॅप. हॉटेलच्या वायफायवरही दोन बोटांत कार्ड बंद करता येतं. ते पुण्यात एकदा उघडून, पासवर्ड चालतोय ना हे बघून मगच विमानात बसावं.

‘नंबर काय, गूगलवर मिळेल’

मिळेल, आणि तिथेच फसवणुकीची दारं उघडतात. बँकांच्या नावाने खोटे ग्राहकसेवा क्रमांक टाकून ठेवणं हा भुरट्यांचा जुना धंदा आहे. आधीच भेदरलेला माणूस त्यांना स्वतःहून फोन करतो, आणखी काय हवं? रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. शेवटी ती अक्षरं दिसली तर ते बँकेचं घर समजायला हरकत नाही. बँक नसलेल्या कार्ड कंपन्यांचा पत्ता मात्र वेगळा असू शकतो, तो मासिक बिलावर पाहावा. फोन आपण लावलेला असला तरी समोरचा माणूस पिन, सीव्हीव्ही किंवा ओटीपी तोंडी विचारू लागला, तर फोन ठेवावा. स्वयंचलित सेवेत आकडे दाबावे लागतात, ती गोष्ट निराळी.

‘शाखेतल्या साहेबांना फोन केला की झालं’

सहकारी बँकांत आयुष्य घालवलेल्या पुणेकराला हे सांगणं जिवावर येतं. तिथे मॅनेजर नावाने ओळखतो, चहाही विचारतो. पण बहुतेक मोठ्या बँकांत क्रेडिट कार्डाचा कारभार शाखेपासून वेगळा असतो, कधी तर कंपनीच वेगळी. त्यात लंडनमध्ये संध्याकाळचे सात म्हणजे पुण्यात जवळपास मध्यरात्र. कार्ड कंपनीची हेल्पलाइन चोवीस तास चालू ठेवणं हे नियमाने बंधनकारक आहे, शाखा नाही.

घरच्या माणसाला पासवर्ड देऊन ‘तू इथून बंद कर’ म्हणण्याची सोय तर अजिबात करू नये. गोपनीय माहिती दुसऱ्याला देणं हा नियमाच्या भाषेत ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरू शकतो, मग तो दुसरा म्हणजे सख्खा मुलगा का असेना.

‘ओटीपीशिवाय पैसे जाणारच नाहीत’

भारतात दोन टप्प्यांच्या खात्रीची सवय इतकी पडली आहे की जगभर तसंच असेल असं वाटतं. अनेक परदेशी संकेतस्थळं कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर पैसे घेतात. म्हणून ओटीपी आला नाही याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही.

उलट बाजूही आहे. विमानतळावर स्थानिक सिम घालताना पुण्याचं सिम काढून चिमुकल्या डबीत टाकलं जातं, आणि त्याबरोबर व्यवहाराचे एसएमएस थांबतात. कार्डावर कुणी हात मारतोय हे सांगणारी घंटाच बंद. जुनं सिम फोनमध्येच ठेवावं, रोमिंग चालू ठेवून फक्त डेटा बंद करावा, आणि स्थानिक जोडणी दुसऱ्या खाचेत किंवा ई-सिमवर घ्यावी. सूचना ई-मेलवरही येतील अशी सोय निघण्यापूर्वीच करून घ्यावी.

‘आता ट्रिप कशाला खराब करायची, परत गेल्यावर बघू’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हिशोब असा आखला आहे: दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच कुणी पैसे लाटले, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १० हजार रुपये, त्याहून मोठ्या कार्डावर २५ हजार रुपये सोसावे लागू शकतात. सात दिवस उलटले की बँकेचं धोरण म्हणेल तसं. दहा दिवसांची युरोप सहल आटोपून, झोपेचं चक्र ताळ्यावर आणून मग फोन करणारा माणूस बहुधा शेवटच्या गटात जातो.

दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस धरत नाहीत आणि कामाचे दिवस आपल्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाने धरतात. म्हणजे तुम्ही पॅरिसला असलात तरी दुसरा शनिवार पुण्याचाच. चूक बँकेची असेल तर तुम्ही कळवलं की नाही याने फरक पडत नाही. पण ओटीपी किंवा पिन तुमच्याच हातून गेला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर मात्र एक रुपयाही गेला तरी तो बँकेच्या माथी. म्हणूनच वेटरने बिल आणेपर्यंत थांबू नये.

अनधिकृत व्यवहार कळवल्यावर बँकेने कामाच्या दहा दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवरच. त्यासाठी तक्रार क्रमांक, कळवल्याची तारीख आणि वेळ आपल्याकडे हवी. फोनवर बोललात तरी लगेच ई-मेल पाठवावी, पुरावा तीच होते. कार्ड चोरीला गेलं असेल तर तिथल्या पोलिसांचा कागद घ्यावा. आपण त्या दिवशी कोणत्या देशात होतो हे दाखवायला पासपोर्टवरचे शिक्के कामाला येतात.

‘सगळं कायमचं ब्लॉक करून टाकू’

अॅपवरून कार्ड तात्पुरतं बंद करणं आणि हरवलं म्हणून कायमचं रद्द करणं यांत फरक आहे. पहिलं पुन्हा चालू होतं, दुसरं नाही. बॅगेच्या तळाशी शोधायचं बाकी असेल तर आधी पहिलं करावं. नवं कार्ड सहसा नोंदवलेल्या पत्त्यावर, म्हणजे पुण्यातल्या घरी येतं. परदेशात तातडीचं कार्ड किंवा रोकड देण्याची सोय व्हिसा, मास्टरकार्ड यांच्याकडे असते, पण ती कार्डाच्या प्रकारावर आणि आपल्या बँकेच्या संमतीवर अवलंबून. दुसरं कार्ड वेगळ्या बॅगेत ठेवणं हा त्यापेक्षा साधा उपाय. हॉटेलने अनामत म्हणून रोखून धरलेली रक्कम पाहून लगेच चोरीची तक्रार करू नये, ती खोली सोडल्यावर काही दिवसांनी सुटते.

‘परदेशात कार्ड घासलं की वीस टक्के कर’

मे २०२३ मध्ये तशी अधिसूचना निघाली होती. २८ जून २०२३ ला अर्थ मंत्रालयाने ती पुढे ढकलली. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेल्या खर्चावर असा कर, म्हणजे टीसीएस, लागत नाही. बँकेचं चलन-रूपांतर शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मात्र लागतो, त्याबद्दल हेल्पलाइनवर भांडून उपयोग नाही.

तक्रार फेटाळली गेली किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांच्या सीएमएस पोर्टलवर अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्यासाठी पुण्यात परतायची गरज नाही. अर्जात पहिल्यांदा विचारतात ते हेच, बँकेकडे तक्रार कधी केली आणि तिचा क्रमांक काय.