शेगडी पेटवा, यजमानालाही बसू द्या!

शुक्रवारची दुपार झाली की ऑफिसात कामापेक्षा एकाच प्रश्नाची जास्त चर्चा असते, 'उद्या कुणाच्या घरी?' मग ज्याच्या घरी बेत ठरतो, त्याच्या पोटात हळूच गोळा येतो. आठ-दहा जण येणार म्हणजे स्टार्टर्स काय, व्हेजवाल्यांना काय, नॉनव्हेजवाल्यांना काय, पोळ्या कोण लाटणार? प्रत्यक्ष पार्टीत तर आणखी गंमत. बाहेर हॉलमध्ये हास्याचे फवारे उडत असतात आणि यजमान, म्हणजे बहुतेक वेळा घरातली मुलगी किंवा वहिनी, आत कढईपुढे उभी असते. विनोद संपल्यावर ती भजी घेऊन बाहेर येते आणि विचारते, 'काय झालं? का हसताय?'

दुसरा पर्याय म्हणजे मोबाइलवरून जेवण मागवणं. सोय मस्त! पण खोकी उघडली, दहा मिनिटांत फस्त झाली आणि मग जो तो आपापल्या स्क्रीनमध्ये. हीच का ती पार्टी?

यावर माझा फंडा सोपा आहे. घरच्या घरी बार्बेक्यू करा! लगेच दचकू नका. बार्बेक्यू म्हटलं की चकचकीत मशीन आणि इंपोर्टेड सॉसच्या बाटल्या डोळ्यांपुढे येतात. मला मात्र आठवतं ते परभणी जिल्ह्यातलं पालम.

पालमची आगटी

पालम हे तालुक्याचं गाव. परभणी-परळी रेल्वेमार्गावरच्या गंगाखेडला उतरायचं आणि तिथून रस्त्याने पुढे जायचं. तालुक्यातून गोदावरी वाहते, नदीच्या पात्रातलं जांभूळबेट याच तालुक्यात आहे. माझी पुण्यातली रूममेट पालमची. त्यामुळे जानेवारीतला एक वीकेंड आमचा ठरलेला, तिच्या शेतात हुरडा!

हुरडा म्हणजे रब्बी ज्वारीचा कोवळा दाणा. चिकातून पुढे सरकलेला, पण अजून टणक न झालेला. हा मुक्काम जेमतेम काही दिवसांचा असतो. दाणा वाळला की तो भाकरीचा, हुरड्याचा नाही. शेतात एक उथळ खड्डा करतात, त्यात गोवऱ्या पेटवतात. हीच आगटी. जाळ बसला आणि लालभडक आर उरला की हिरवी कणसं त्यात खुपसायची. भाजली की राख झटकायची, गरमागरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि मूठ थेट तोंडात! सोबत शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, दही आणि गूळ. टहाळ असला तर त्याच विस्तवात हरभऱ्याचा हुळाही होतो. खाऊन झाल्यावर सगळ्यांचे हात आणि ओठ काळे.

पण मला सांगायचंय ते चवीबद्दल नाही, काकूंबद्दल. काकू म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई. घरी असताना त्यांना बसलेलं बघणं कठीण. आम्ही जेवायला बसलो की त्या वाढणार, 'घे की माय, लाजू नको' म्हणत आणखी एक भाकरी ताटात टाकणार आणि स्वतः सगळ्यांत शेवटी जेवणार. कितीही म्हटलं तरी सोबत बसणार नाहीत. आगटीपाशी मात्र त्या आमच्यात ऐसपैस मांडी घालून बसल्या. मी म्हटलं, 'काकू, आज वाढायचं नाही का?' तर हसून म्हणाल्या, 'सगळ्यायच्या हातातच हाय की! आता म्या काय वाढू?'

मग त्यांनी गोदावरीच्या पुराचे किस्से सांगितले, स्वतःच्या लग्नातल्या गमती सांगितल्या, नवऱ्याची यथेच्छ टिंगल केली. 'आईला एवढं बोलताना मीच पहिल्यांदा बघितलं,' मैत्रीण रात्री म्हणाली. कारण साधं आहे. आगटीपाशी स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली वेगळी नसते. शिजवणारा आणि खाणारा एकाच वर्तुळात असतात. बार्बेक्यूची खरी मजा हीच, सॉस नंतर.

शब्द परदेशी, गोष्ट आपली

'बार्बेक्यू' हा शब्द स्पॅनिशमधल्या 'बार्बाकोआ'वरून आला. कॅरिबियन बेटांवरचे टाइनो लोक काठ्यांच्या मांडवावर मांस भाजायचे, तो मांडव म्हणजे बार्बाकोआ. 1526 मध्ये एका स्पॅनिश इतिहासकाराच्या लेखनात हा शब्द आला आणि पुढे जगभर फिरला. आपल्याकडे 2006 मध्ये मुंबईत बार्बेक्यू नेशनचं पहिलं हॉटेल सुरू झालं, टेबलाच्या मधोमध शेगडी आली आणि ऑफिसच्या टीम लंचचा नकाशाच बदलला. पण विस्तवाभोवती बसून आपलं आपण भाजून खाणं मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नव्हती!

गच्चीवर काय काय लागेल?

लोखंडी किंवा मातीची शेगडी, लाकडी कोळसा, जाळी, लांब चिमटा आणि बांबूच्या काड्या. शेगडी नसेल तर विटांच्या दोन रांगा मांडा, मधे मातीचा थर द्या आणि वर जाळी ठेवा. गच्चीच्या फरशीवर थेट कोळसा पेटवू नका, फरशी तडकते.

पेटवायला रॉकेल नको, त्याचा वास पनीरच्या तुकड्यापर्यंत पोहोचतो. नारळाची वाळलेली करवंटी आणि कापूर पुरे. आणि घाई अजिबात नको! जाळावर भाजलं की वरून काजळी आणि आतून कच्चं. 20 ते 30 मिनिटं थांबा. निखाऱ्यांवर राखाडी साय दिसली की शेगडी तयार. तळवा जाळीच्या वर वीतभर अंतरावर धरा. दोन-तीन सेकंदांत चटका बसला तर आच तेज, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम. निखारे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी ठेवा, म्हणजे करपायला लागलेली काडी सरकवायला जागा मिळते.

आता मेन्यू. मापं साधारण आठ जणांची आहेत. कापाकापी आणि कालवाकालव दुपारीच उरकायची. संध्याकाळी किचनचा दिवा बंद!

येसर पनीर

मराठवाड्यातल्या घरांत येसर असतोच. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ, एरवी त्याची झणझणीत आमटी होते. इथे तो दुहेरी काम करतो, चव देतो आणि दही घट्ट धरून ठेवतो. अर्धा किलो पनीरचे मोठे तुकडे करा. एक वाटी चक्का, दोन मोठे चमचे येसर, एक चमचा आलं-लसूण पेस्ट, तिखट, मीठ आणि दोन चमचे तेल एकत्र करून तुकड्यांना चोळा, तासभर फ्रिजमध्ये ठेवा. येसर मिळाला नाही तर दोन चमचे भाजलेलं बेसन आणि एक चमचा काळा मसाला घाला. कांदा आणि सिमला मिरचीबरोबर काडीला टोचून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं फिरवत भाजा. बांबूच्या काड्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर पनीरआधी काडीच जळायची.

काळ्या मसाल्याचं चिकन

पाऊण किलो बोनलेस चिकन घ्या, शक्यतो तंगडीचं. छातीचं मांस पटकन कोरडं पडतं. लिंबू, मीठ, आलं-लसूण, अर्धी वाटी दही आणि दोन चमचे काळा मसाला लावून किमान चार तास फ्रिजमध्ये. आधी तेज आचेवर रंग आणा, मग कमी निखाऱ्यांच्या बाजूला सरकवून आतपर्यंत शिजू द्या. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान 74 अंश सेल्सिअस हवं. नसेल तर सगळ्यांत जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसलं तर परत जाळीवर. कच्च्या चिकनचं ताट आणि चिमटा भाजलेल्याला लावायचा नाही. ग्रुपमध्ये शाकाहारी असतील तर जाळीही वेगळी ठेवा. न मागता ठेवलेली वेगळी जाळी लोक लक्षात ठेवतात.

भरीत सँडविच

हा आमच्या ग्रुपचा सुपरहिट आयटम! भरताची दोन मोठी वांगी, एक लसणाचा गड्डा, दोन टोमॅटो आणि चार हिरव्या मिरच्या थेट निखाऱ्यावर ठेवा. वांग्याला आधी टोचे मारा, नाहीतर ते फुटतं. साल काळी पडून वांगं पार लुळं पडलं की सोलून सगळं एकत्र ठेचा. त्यात कांद्याची पात, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट, मीठ आणि थोडं लिंबू. भरीत पाणीदार वाटलं तर दहा मिनिटं गाळणीत ठेवा, ब्रेड भिजला की मजा गेली.

मऊ लोण्यात चमचाभर ठेचा कालवा आणि तो ब्रेडच्या दोन्ही बाजूंना लावा. मधे भरीत, वर कच्च्या कांद्याच्या चकत्या, हवं तर चीज. मुंबईच्या फुटपाथवरचा सँडविचवाला वापरतो तसा हातातला टोस्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर जाळीवर ठेवून वरून ताटलीने दाबा. दोन्ही बाजू कुरकुरीत झाल्या की तिरके चार तुकडे करा. लादीपावातही झक्कास लागतं.

हुरडा टोस्ट

डिसेंबर ते फेब्रुवारी शहरातही ताजा हुरडा मिळतो, एरवी फ्रोझन. दोन वाट्या हुरडा लोखंडी तव्यात घालून जाळीवर तीन-चार मिनिटं परता. बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ घाला. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे जाळीवर कडक करा, त्यावर दाट दही, त्यावर हुरडा, वरून शेव आणि शेंगदाण्याची चटणी. एका घासाचं स्टार्टर तयार!

शिवाय आच उतरत आली की राखेत रताळी पुरा. मध्यम आकाराला अर्धा-पाऊण तास लागतो. गप्पा संपेपर्यंत स्वीट डिश हजर.

हे मात्र चेष्टेवारी नेऊ नका

कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि बंद जागेत तो जीव घेतो. म्हणून शेगडी फक्त उघड्यावर. काचा लावलेली बाल्कनी म्हणजे उघडी जागा नव्हे! थंडी वाजतेय म्हणून उरलेले निखारे खोलीत आणायचे तर मुळीच नाहीत. धुमसणारा कोळसाही तितकाच घातक असतो. जवळ पाण्याची बादली ठेवा, ओढण्या सांभाळा, सोसायटीची परवानगी आधीच घ्या. सगळं उरकल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख ढवळून, पूर्ण थंड झाल्याची खात्री करा. गच्ची नसेल तर लोखंडी तवा आणि गॅस आहेच. धुराचा वास कमी मिळेल, पण तवा टेबलाजवळ आणून सगळ्यांनी मिळून परतायला कुणाची ना आहे?

एकच नियम

आमच्या ग्रुपमध्ये शेगडीपाशी पंधरा मिनिटांची पाळी असते. ज्याचं घर, त्याला पाळी नाही! एकाने वारा घालायचा, एकाने काड्या फिरवायच्या, एकाने सँडविच दाबायचे. एरवी पाण्याचा ग्लाससुद्धा जागेवर मागणारे महाशय चिमटा हातात आला की एकदम शेफ होतात. काहींचं पनीर करपतं, मग त्यावर तासभर टिंगल चालते. आमच्या एका मित्राची आई पुण्यात आली होती, तेव्हा त्यांनाही खुर्ची टाकून मधोमध बसवलं. पहिली पाच मिनिटं त्या 'मी करते, मी करते' म्हणत उठत होत्या. दहाव्या मिनिटाला त्यांनी ऑर्डर सोडली, 'ए, माझं वांगं जरा अजून भाज!'

आणि हुरडा घेताना एक करा. जमलं तर थेट शेतकऱ्याकडून मागवा. मराठवाड्यात सोयाबीन आणि कापूस वाढत गेले, तशी ज्वारी मागे पडत गेली. तिची काढणी म्हणजे मेहनतीचं काम आणि मजूर मिळणं अवघड. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'परभणी वसंत' हे वाण काढलंय, पण वाण शेतात टिकायचं तर खाणारेही हवेत. तेव्हा या हिवाळ्यात कोळसा, वांगी, पाव आणि दोन किलो हुरडा एवढी यादी ग्रुपवर टाका, पाळ्या लावा आणि ज्याच्या घरी जमणार त्याला आधीच सांगून ठेवा, 'तू फक्त बसायचं!'