दिवसातून दोनदा बुडणारा रस्ता

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हांदे जिल्ह्यात, नुआरमुतिए हे बेट आहे. उन्हाळ्यात इथे पर्यटकांची रीघ लागते. पांढऱ्या भिंतींची बैठी घरं, मिठागरं आणि बटाट्याची शेतं असं हे सपाट बेट. त्याचा मोठा भाग भरतीच्या पातळीखाली आहे. बांध आहेत म्हणून गावं आहेत. हे बेट समजून घ्यायचं तर ‘पासाज द्यू ग्वा’ हा रस्ता पाहायला हवा.

मुख्य भूमीवरच्या बोव्वार-स्युर-मेरपासून बेटावरच्या बारबात्रपर्यंत, सुमारे सव्वाचार किलोमीटर, हा रस्ता समुद्राच्या तळावरून जातो. बूर्गनफच्या उपसागरात उत्तरेचा आणि दक्षिणेचा प्रवाह इथे समोरासमोर येतात, त्यांचा जोर ओसरतो आणि गाळ खाली बसतो. त्याच उंचवट्यावरून आधी माणसं चालली, पुढे फरसबंदी झाली. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढीच सुरक्षित वेळ. पाणी उतरलं की लोक रस्त्याकडेला गाड्या लावतात आणि गुडघाभर बूट घालून, हातात बादली घेऊन चिखलातून तिसऱ्या काढतात. अधूनमधून उंच लाकडी खांब रोवलेले आहेत, त्यांना शिडी आणि वर बसायला जागा. भरतीत सापडलेला माणूस त्यावर चढून पाणी उतरायची वाट पाहतो.

1971मध्ये पूल झाला, तरी रस्ता मोडीत निघाला नाही. 1999च्या ‘तूर द फ्रान्स’मध्ये याच निसरड्या दगडांवर सायकलस्वार एकमेकांवर कोसळले. त्यात अडकलेल्या आलेक्स झ्युलेची सहा मिनिटं गेली आणि शर्यत तिथेच हातची निसटली.

याच व्हांदेच्या किनाऱ्यावर, ला फोत-स्युर-मेर या पर्यटनगावात, फेब्रुवारी 2010मध्ये ‘झिंथिया’ वादळाचं पाणी रात्री बांध ओलांडून आलं आणि 29 माणसं दगावली. सखल जागी, बांधाच्या भरवशावर घरं बांधली गेली होती. बांधाआड राहणाऱ्याला समुद्र दिसत नाही, म्हणून त्याचा विसर पडतो. ग्वाच्या रस्त्यावर तो विसर पडूच शकत नाही, आणि माझ्या मते हेच त्याचं खरं मोल आहे.

तिकडे जाणं झालंच, तर रस्त्याच्या तोंडाशी लावलेलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी वाचा. वेळ टळली असेल तर पुलावरून जा.